तळ्याचा काठ कोणाचा?

'काठ' हा आपल्या मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. लुगड्याला काठ असतो, ताटाला काठ असतो, नदीला आणि तळ्याला तर तो असतोच. आणि पस्तीस गुण मिळवून कसाबसा वर जाणारा विद्यार्थीही काठावरच पास होतो. जो कोणत्याच पक्षाला मिळत नाही, त्याला आपण काठावर बसलेला म्हणतो आणि मनातून त्याला थोडे हसतोही. दिवाळीच्या खरेदीत घरातल्या वडीलधाऱ्या बायका साडी हातात घेतात, तेव्हा आधी पदर पाहत नाहीत. काठ दोन बोटांत धरून उलटा करून पाहतात. काठ अंगाबरोबर विणलेला आहे की मागाहून शिवलेला आहे, हे त्यांना पाहावयाचे असते. विणलेला काठ साडीबरोबर जुना होतो. शिवलेला काठ चार धुण्यांत चुरमडतो, एकीकडे साडी ओढते आणि दुसरीकडे काठ ओढतो, आणि शेवटी दोन्ही वाया जातात.

मला आज बोलावयाचे आहे ते तळ्याच्या काठाविषयी; पण साडीची ही गोष्ट वाचकांनी पुढचे वाचताना जवळ ठेवावी. तळ्याच्या काठावर माणसाने काय बांधावे, किती बांधावे, किंवा मुळीच बांधू नये, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनिअरांचा आणि नगरपालिकांचा आहे. गेली काही वर्षे आपल्याकडे गावोगावी तळ्यांचे 'सुशोभीकरण' चालले आहे. भिंत उभी राहते, फरशी बसते, रंगीत दिवे लागतात, कारंजे उडते आणि उद्घाटनाची कोनशिला बसते. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. मीही विचारतो. कारण हा प्रश्न खरोखर शेजारधर्माचा आहे, आणि शेजारी जर बोलू शकत नसेल, तर त्याच्याशी कसे वागावे हा आहे. असा प्रश्न एकट्या इंजिनिअरावर सोपवणे त्याच्यावरही अन्याय करण्यासारखे होईल.

मी पेशाने चित्रकलेचा मास्तर आहे. रात्री कादंबऱ्या लिहितो आणि दिवसा मुलांना पेन्सिल धरायला शिकवतो. मोठ्या पदव्या माझ्याजवळ नाहीत; तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव मी आणणार नाही. पण एक गोष्ट मला माझ्या धंद्याने शिकवली आहे. मुलाला तळे काढावयास सांगा. तो आधी एक लंबगोल काढतो, त्याची कड काळ्या पेन्सिलीने गडद करतो आणि मग आत निळा रंग भरतो. रेघेच्या आत पाणी, रेघेच्या बाहेर जमीन. दरवर्षी मी मुलांना सांगतो की बाळांनो, ही रेघ पुसा. निसर्गात अशी रेघ नसते. चैत्रात जिथे भेगाळलेली माती असते, तिथे श्रावणात गुडघाभर पाणी असते. मधला जो पट्टा आहे तो कधी पाण्याचा, कधी जमिनीचा, आणि बहुतेक वेळा दोघांचा मिळून असतो. काठ हा पट्टा आहे, त्याला रुंदी आहे आणि त्याच्यावर बिऱ्हाडे आहेत.

ही बिऱ्हाडे कोणाची? उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तिथे पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आडोशाने मासे अंडी घालतात. लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी घरटे करते. पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालतो. वंचक चिखलात तासन्‌तास उभा राहतो, आणि आपल्याला वाटते की त्याला काही कामच नाही. टेकडीवरून पावसाचे पाणी माती घेऊन येते, ती माती हे गवत आणि हा चिखल अडवून धरतात. म्हणून तळे लवकर गाळाने भरत नाही. उतरत्या काठावर लाट आली की ती दमते आणि विरते. तिथेच सरळ भिंत बांधली की लाट आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची माती खणू लागते. ज्या चिखलाला आपण घाण म्हणतो, तो तळ्याचा नोकरवर्ग आहे. बिनपगारी, बिनसुटीचा आणि कधीही संप न करणारा.

माझे राहणे मुंबईत भांडुपला, त्यामुळे मला जवळचे तळे म्हणजे पवई. हे तळे इंग्रजी अमदानीत १८९१ साली, मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून, टेकड्यांच्या मधल्या दरीत बांध घालून केले. त्याआधी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी अशी दोन तळी झाली होती. पवईचे पाणी पुढे पिण्याला योग्य राहिले नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला देऊ लागले. पावसाळ्यात तळे भरले की त्याचे वाहते पाणी, विहारच्या पाण्याला मिळून, मिठी नदी होते. ही तीच मिठी, जिचे काठ आपण भराव घालघालून आवळले, आणि जिने २६ जुलै २००५ रोजी आपला हिशेब एका दिवसात मागितला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे खरे. तेवढा पाऊस कोणत्याही नदीला जड गेला असता. पण नदीचे अंग चोरून घेतले नसते, तर ती इतक्या घरांत शिरली नसती, हेही तितकेच खरे.

पवईच्या तळ्यात मगरी आहेत. मुंबईसारख्या शहरात, वाहनांनी गजबजलेल्या रस्त्याला लागून, मगर उन्हात तोंड उघडे टाकून पडलेली असते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. मगरीला काठ लागतो तो हौसेसाठी नव्हे. तिचे रक्त आपल्यासारखे आपोआप ऊबदार राहत नाही. तिला उन्हात येऊन ऊब घ्यावी लागते आणि ऊब झाली की पाण्यात परतावे लागते. अंडी घालावयास ती काठाच्या मातीत खड्डा करते. एका वेळी सुमारे पंचवीस-तीस अंडी. त्या मातीची ऊब किती, यावर पिल्ले नर होणार की माद्या, हे ठरते. म्हणजे काठाची माती ही त्या जातीची सुईणही आहे आणि पाळणाही.

या तळ्याभोवती सुमारे दहा किलोमीटरचा सायकलमार्ग आणि धावण्याचा मार्ग करावयाचे महापालिकेने योजिले होते. काम सुरूही झाले. लोखंडी जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्या काठाला रचावयाच्या आणि वरून मार्ग न्यावयाचा, अशी योजना होती. महापालिकेचे म्हणणे असे की ही भिंत नव्हे. दगडांच्या फटींतून पाणी येईल-जाईल, तळ्याला धक्का लागणार नाही. हे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. दगडाच्या पेटीतून पाणी जाते, हे मान्य. पण फटीतून मगर जाते का? लव्हाळे जाते का? काठ म्हणजे केवळ पाण्याची ये-जा असे मानले, तर योजना बरोबर होती. काठ म्हणजे बिऱ्हाडे असे मानले, तर ती चूक होती. काही नागरिक आणि पर्यावरणाचे काम करणारी मंडळी उच्च न्यायालयात गेली. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवले आणि केलेले काम काढून जागा पूर्ववत करावी, असा हुकूम दिला. २०१७ साली केंद्र सरकारने पाणथळ जागांविषयी जे नियम केले, त्यांत एक कलम आहे: मागील दहा वर्षांत पुराचे पाणी सरासरीने जिथवर चढले, त्या रेषेपासून पन्नास मीटरच्या आत, होड्यांचा धक्का वगळता, कायमचे बांधकाम करू नये. रेघ पुसा असे मी मुलांना सांगतो. कायद्याने ती पुसून तिथे पन्नास मीटरचा पट्टा आखला, याचे मला चित्रकलेचा मास्तर म्हणून मनापासून बरे वाटले.

इथवर सारे सोपे आहे. चांगले लोक जिंकले, मगर वाचली, आणि लेख इथेच संपवता आला असता. पण त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि मी नववीच्या वर्गाला 'आमचा तलाव' हा विषय दिला. मुलांनी कमळे काढली, बगळे काढले, एकाने भली मोठी मगर काढली. एका मुलाने मात्र तळ्याभोवती तांबडा रस्ता काढला आणि त्यावर सायकलीवर बसलेला स्वतः. मी विचारले, "अरे, हा रस्ता तर आता होणार नाही. ठाऊक आहे ना?"

तो म्हणाला, "ठाऊक आहे, सर. मगरीला तलाव आहे. आम्हाला काय आहे?"

वाचकहो, हा मुलगा उर्मट नव्हता. भांडुपच्या टेकडीवर ज्या वस्त्या चढत गेल्या आहेत, त्यांतल्या एकीत तो राहत असे. वडील रिक्षा चालवीत. घरात एक जुनी सायकल घेतलेली, ती तीन भावंडांत मिळून. वस्तीतली गल्ली म्हणजे पायऱ्याच. तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरावयाच्या, आणि खाली उतरले की ट्रकांच्या आणि बसगाड्यांच्या गर्दीत ती चालवावयाची. आईने चालवू नको म्हणून शपथ घातलेली. अशा मुलाला वर्तमानपत्रातून कळले की तळ्याभोवती दहा किलोमीटर मोकळा रस्ता होणार, आणि पुन्हा वर्तमानपत्रातूनच कळले की तो होणार नाही. त्याच्या प्रश्नाला निसर्गप्रेमाचे चार शब्द ऐकवून गप्प करणे मला सोपे होते. मास्तराला ते नेहमीच सोपे असते.

त्याच्या प्रश्नात आणखी एक जुनी कळ होती, ती त्याला ठाऊक नसेल. आपल्याला असावयास हवी. 'पाण्यापासून दूर राहा' या शब्दांना आपल्या देशात फार वाईट इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ साली स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिऊन दाखवावे लागले. जिथे गुरांना मज्जाव नव्हता, तिथे माणसांना होता. त्या ओंजळीचा न्यायालयीन निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. ज्या भूमीत तळ्याच्या काठावर असे घडले, तिथे 'या काठावर येऊ नका' असे कोणी म्हणाले, तर गरिबाच्या मनात शंका येणारच. पुन्हा आम्हालाच दूर ठेवताय ना?

म्हणून मज्जावाला दोन कसोट्या लावाव्यात, असे मला वाटते. पहिली, तो सर्वांना सारखा आहे का? झोपडीतल्या मुलाला पन्नास मीटर, आणि मोठ्या हॉटेलाला किंवा इमारतीला मात्र पाण्याला लागून गच्ची, असे असेल तर तो नियम नव्हे, तो जुनाच मज्जाव नव्या वेषात. दुसरी, मज्जावाचे कारण पाण्याच्या हिताचे आहे की माणसाच्या तोऱ्याचे? महाडला पाण्याचे काहीही बिघडत नव्हते; बिघडत होता तो कोणाचा तरी अहंकार. पवईला खरोखर मगरीचे अंडे दगडाखाली जात होते. या दोन्ही कसोट्यांना जो मज्जाव उतरतो, तो कोणाचा अपमान करीत नाही. उलट, न्यायाने वागवतो.

दुसऱ्या बाजूनेही एक शंका घेता येईल. आपल्या पूर्वजांनी काठावर बांधले नाही काय? तळे खणणे, विहीर बांधणे, झाडे लावणे याला त्यांनी पूर्तधर्म म्हटले आणि यज्ञाच्या जोडीला बसवले. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला नर्मदेवर बांधलेले घाट आजही उभे आहेत. मुंबईतच वाळकेश्वरच्या बाणगंगेला चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. मग आम्ही चार दगड लावले तर एवढा गहजब का? या शंकेचे उत्तर घाटाच्या पायरीतच आहे. पायरी पाण्याला अडवीत नाही. पाणी वाढले की दहा पायऱ्या बुडतात, ओसरले की दहा उघड्या पडतात. घाट दरवर्षी तेवढा बुडावयास तयार असतो. नदीचा घाट गावापुरता असतो. गाव संपले की पुन्हा गवत आणि चिखल सुरू होतो. बाणगंगेसारखे कुंड चहूंकडून बांधलेले असते, पण ते मुळात बांधीव कुंडच, देवळाचे भांडे. जिवंत तळ्याला सहसा कोणी चहूंकडून दगडाचे कडे घातले नाही. पूर्वज सारे ऋषी होते असे मी म्हणत नाही. त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती, म्हणूनही त्यांचा हात आवरला असेल. आपल्याजवळ यंत्रे आहेत, तेव्हा हात आवरण्याचे काम आता विवेकाने केले पाहिजे.

म्हणजे बांधू नये असे नाही. काठ विणावा, शिवू नये. तसे करणारे लोक आहेत आणि त्याची रीतही आता पुष्कळ ठिकाणी ठरून गेली आहे. चालण्याचा रस्ता पुराच्या रेषेच्या बाहेर न्यावा. तळे झाडांमधून दिसले तरी ते दिसतेच. पाण्याजवळ जावयाचेच असेल, तर एखाद्या ठिकाणी खांबांवर लाकडी पाऊलवाट करावी, खालून पाणी आणि चिखल मोकळा राहील अशी. धुण्याच्या, होडीच्या, दर्शनाच्या जागा एका बाजूला एकत्र ठेवाव्यात आणि बाकीचा काठ त्याच्या मालकांना सोडावा. रात्री दिवे नकोत. पक्ष्यांनाही झोप असते. आणि सर्वांत आधी गटारे थांबवावीत. कोल्हापूरच्या रंकाळ्याने हा धडा फार सोसून शिकवला आहे. शाहू महाराजांच्या आठवणींचे, शालिनी पॅलेसची शोभा ल्यालेले ते तळे. पण सांडपाणी मिसळत गेले आणि पाण्यावर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरली. अंगावर मळ असता वर अत्तर लावावे, तसे काठावरचे कारंजे. स्वयंपाकघर तुंबलेले असता दिवाणखान्याला रंग देणारे घर आपण पाहिलेले आहे. ते घर पाहुण्यांसाठी असते, राहणाऱ्यांसाठी नसते.

आता मूळ प्रश्न. काठ कोणाचा? रोमन लोकांच्या कायद्यात फार पूर्वी म्हटले गेले की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा ही सर्वांची मिळून आहेत. अमेरिकेत शिकागो शहराजवळ मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून अधिक तळ १८६९ साली तिथल्या राज्याने एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी राज्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने दान मागे घेतले. भांडण वर गेले. १८९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरोवर सरकारच्या मालकीचे नव्हेच मुळी. ते लोकांच्या वतीने सांभाळावयास दिलेले आहे, आणि सांभाळावयास दिलेली वस्तू कोणी दान करीत नाही. हीच कल्पना १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलातील बियास नदीच्या खटल्यात स्वीकारली. नागपूरच्या फुटाळा तलावाचे प्रकरण तर अलीकडचे. तो भोसल्यांच्या काळात माणसांनी केलेला; म्हणून नियमांच्या शब्दांत तो 'पाणथळ जागा' ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटले; पण त्याचबरोबर, माणसाने केलेल्या तळ्यालाही हे विश्वस्ताचे तत्त्व लागू आहे, असेही म्हटले.

मला या सगळ्यात 'विश्वस्त' हा शब्द मोलाचा वाटतो. तळे माणसाने खणले की देवाने, यावर नियमाचे कलम ठरत असेल. पण तळ्यात उतरलेल्या टिबुकलीला ते कोण सांगणार? पवईही माणसानेच केली. शंभर-सव्वाशे वर्षांत पाण्याने तिथे संसार मांडला. दत्तक घेतलेल्या मुलाला कोणी सांगत नाही की तू रक्ताचा नाहीस, म्हणून तुझे जेवण निम्मे. राखणाऱ्याचा धर्म वस्तू कशी आली यावरून ठरत नाही; ती आता कोणाच्या पदरात आहे, यावरून ठरतो.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण बहुधा डोळा मिचकावून म्हणतो. तिजोरीजवळ बसणाऱ्याचे हात थोडे ओले व्हावयाचेच, असा आपण तिचा अर्थ करून टाकला आहे. पण म्हणीतला क्रम पाहा. आधी राखणे, मग चाखणे. आपण राखणे गाळले आणि चाखण्याला विकास म्हणू लागलो.

त्या मुलाच्या प्रश्नावर मी पुढच्या तासाला भाषण केले नाही. आमच्या उपनगराचा मोठा नकाशा वर्गात नेला आणि मुलांना रंगवावयास सांगितला. पाणी निळे, घरे आणि कारखाने तपकिरी, रस्ते काळे, खेळावयाची मोकळी जागा हिरवी. तास संपत आला, तेव्हा तपकिरी पेन्सिल दोनदा टोकावी लागली होती. हिरवीचे टोक जसेच्या तसे होते. मग मी विचारले, आता सांगा, तुमची जागा कोणी घेतली?

तो मुलगा नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मगरीनं नाही घेतली, सर."

वर्गात एका बाकावर तीन मुले मावतात. चौथे मूल नव्याने दाखल झाले, की ते कोणत्या बाकावर बसवले जाते, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. जो कधी तक्रार करीत नाही, त्याच्या बाकावर. तळ्याचे तसेच झाले आहे. मोकळ्या जागा आधी भावाने गेल्या, सोयीने गेल्या, ओळखीने गेल्या. आणि आता मुलांना जागा हवी म्हटल्यावर सर्वांचे बोट तळ्याकडे वळले, कारण उरलेल्यांत ते एकटेच नाही म्हणू शकत नव्हते. मगरीला हक्क असतात की नाही, यावर विद्वान वाद घालोत. माझ्यासारख्या मास्तराला एवढे पुरे आहे की जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडे काही मागण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आणि ज्याने घेतले आहे, त्याच्याकडे आधी मागावे.

पण तो मुलगा तेवढ्यावर थांबला नव्हता. नकाशाची घडी करता करता त्याने दुसरा प्रश्न विचारला: "मग मी चालवू कुठं?"

आणि हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटलेला नाही. तळ्याला हात लावू नका असे आपण म्हणालो, ते योग्यच म्हणालो. पण तसे म्हणताना एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातातली गोष्ट आपण काढून घेतली. ती देण्याची जबाबदारी आपल्या अंगावर आली. जो तळ्यासाठी सही करतो, त्याने मैदानासाठीही सही केली पाहिजे. जो पन्नास मीटरचा पट्टा राखा म्हणतो, त्याने रस्त्याच्या कडेला सायकलीपुरती जागाही राखा म्हटले पाहिजे, मग ती आपल्या मोटारीच्या जागेतून गेली तरी. नाहीतर आपले निसर्गप्रेम म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म होईल.

तो मुलगा आता शाळेतून बाहेर पडला आहे. त्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात आहे, आणि सायकल तीच आहे. आमच्या शाळेचे पटांगण लहान आहे. पण सुटीच्या दिवशी फाटकाला कुलूप लावून ते रिकामे ठेवण्यात काय अर्थ, असे आम्हा काही शिक्षकांना वाटले. अर्ज केला, आणि संध्याकाळचे दोन तास फाटक उघडे ठेवण्याची परवानगी मिळाली. या दिवाळीच्या सुटीत पाळीपाळीने एकेक शिक्षक तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. पटांगणाला फेरी मारावयास सायकलीला मिनिटही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. दहा किलोमीटरच्या देण्यातला हा पहिला हप्ता आहे.

भाऊबीजेच्या दिवशी पाळी माझी आहे.